ठणकतं की आवळतं?

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात लाईट गेली की आईला बरं वाटायचं. आम्ही पोरं कुरकुरायचो, अभ्यास तसाच राहायचा, अंगाला घाम फुटायचा. पण लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे. दिवसभर कानात बसलेला खडखडाट तुटला की आई हातातली सुताची कांडी खाली ठेवायची, माजघरात जायची आणि डोळ्यांवर पदर ओढून भिंतीकडं तोंड करून पडायची. कपाळाला फडकं करकचून बांधलेलं, त्याखाली सुंठीचा वाळून तडकलेला लेप. भांडं वाजवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद असायची. मग लाईट यायची. पहिला माग सुरू व्हायचा, दुसरा, तिसरा, आणि आई उठून परत कांड्या भरायला बसायची. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत मिळालं नाही तर माग उभा राहतो, आणि ते भरून देणारे हात घरात दोनच होते.

आईला अर्धशिशी होती. "हिची शिशी सूर्याबरोबर चढते," असं आज्जी म्हणायची. म्हणून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊ घालून झाली, नाकात तुपाचे थेंब सोडून झाले, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला. आज्जीची माया खरी होती. तिच्या हाताशी जे होतं ते सगळं तिनं केलं. पण आईला दोन दिवस निजू द्यावं, कांड्या दुसऱ्या कुणी भराव्यात, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आईच्याही नाही.

मी सातवीत असताना एकदा फळ्यावरची अक्षरं मधूनच नाहीशी व्हायला लागली. बाईंनी 'बेळगाव' लिहिलं होतं. मला 'बे' दिसत होतं आणि पुढं नुसता चकचकाट. त्या चकचकाटाला धार होती, दातेरी. आईच्या एका जुन्या साडीला करवतकाठ होता, अगदी तसा काठ माझ्या नजरेत उजवीकडून वाढत गेला, थरथरत, उजळत. वीसेक मिनिटांत तो विझला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मग डाव्या डोळ्यामागं ठणका सुरू झाला. घरी येईपर्यंत दोनदा ओकले. आईनं मला बघितलं आणि काही न विचारता खिडकी लावून घेतली. त्या वेळच्या तिच्या चेहऱ्याचा अर्थ मला फार वर्षांनी कळला. आपलं दुखणं लेकीत उतरलेलं ती बघत होती.

हे दुखणं खरोखरच उतरतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक धरतात. आणि वयात येण्याच्या सुमाराला ते मुलींना गाठतं, यालाही कारण आहे. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात या आजाराचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू झाली की तराजू कलतो, आणि मोठेपणी पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायकांना मायग्रेन असतं. मला पाळी त्याच वर्षी आली होती.

तो करवतकाठ म्हणजे काय, हे समजल्यावर मला रडू आलं होतं. त्याला डॉक्टर ऑरा म्हणतात, आणि मायग्रेन असलेल्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांना तो येतो. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं स्वतःला दिसणारा असा काठ वाढत असताना मिनिटामिनिटाला कागदावर उतरवला, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीनं सरकत असावं, असा हिशोब १९४१ मध्ये मांडला. पुढं १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्टिडिस लिआओ यानं सशाच्या मेंदूवर तशीच संथ लाट पाहिली. पेशी आधी पेटतात, मग विझतात, आणि लाट पुढं जाते. येळ्ळूरच्या भातावरून वारा फिरताना मी पुष्कळदा बघितला आहे. पीक वाकतं, चकाकतं, मागं अंधारा पट्टा राहतो. तसलं काहीतरी माझ्या डोक्यात होत होतं, आणि ते मोजता येत होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं मनानं रचलेलं ते नव्हतं, हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

कारण शाळेत आणि घरात तोवर ठरून गेलं होतं: अभ्यास नको म्हणून डोकं दुखतं. पुढं कॉलेजात, परीक्षेची भीती. लग्नानंतर, सासरी मन रमत नाही. विशीत एका डॉक्टरांकडं गेले. त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कन्नड बाजारापुरतं. "तले नोवु?" डोकं दुखतं का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "टेन्शन तगोबेडरी," टेन्शन घेऊ नका, म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या माणसाचा मला राग नाही. पण बाहेर येऊन मी पायरीवर बसले तेव्हा वाटलं, माझ्याकडं दुखण्यासाठी केवढे शब्द होते. ठणका, ठसठस, शिणक, चमक, कळ, भणभण. डोकं उठलं, डोकं धरलं, डोकं जड झालं, डोळा उपसून काढावा असं वाटतं. त्या सगळ्याच्या ऐवजी मी फक्त मान हलवून आले. कन्नड बोलणाऱ्या बाईचंही मराठी डॉक्टरापुढं असंच होत असणार. आम्ही सीमेवरची माणसं दोन्ही भाषांत भाजी घेऊ शकतो, भांडू शकतो. दुखणं सांगायची वेळ आली की मात्र आईच्याच भाषेत तोंड उघडतं.

मग कितीतरी वर्षांनी एका न्यूरॉलॉजिस्टकडं गेले. तेही कन्नडच. माझी चिठ्ठी वाचली, वर बघितलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "अक्का, ठणकतं की आवळतं?"

हे दोन शब्द ते पेशंटांकडून शिकले होते, असं नंतर म्हणाले. आणि त्या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, पण कामं करता येतात, ते बहुधा ताणाचं डोकं. एका बाजूला, नाडीच्या ठेक्यावर ठणकणारं, जिना चढलं तरी वाढणारं, मळमळ आणणारं, उजेड आणि आवाज सोसू न देणारं, औषध नाही घेतलं तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारं, ते मायग्रेन. मी म्हणाले, "ठणकतं." तीन दशकांत पहिल्यांदा मला नेमकं उत्तर द्यायला मिळालं.

मग मी तो प्रश्न विचारला जो बाया दबक्या आवाजात विचारतात. हे शरीराचं आहे की मनाचं? त्यांनी उत्तर दिलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगते, कारण तेव्हापासून मी त्यावर खूप वाचलं आणि त्याहून जास्त बायकांशी बोलले.

पाळीच्या तोंडावर शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक झपकन उतरतं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अनेकींना हमखास झटका येतो, तो या उतरणीमुळं. गरोदरपणात मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत पुष्कळजणींना आराम पडतो. पाळी जायच्या आधीची वर्षं वाईट, कारण तेव्हा हे चढउतार बेताल होतात. मी आता त्याच वर्षांत आहे. पाळी पूर्ण गेल्यावर अनेकींचं थांबतं, आईचं थांबलं. इथवर सगळं शरीर. पण आईच्या काळात त्या दोन दिवसांत काय चालायचं ते आठवा. चार दिवस बाजूला बसायचं म्हणून आधीच पीठ दळून ठेवायचं, चटणी कुटायची, पाणी भरायचं, कांड्यांची चळत रचून ठेवायची. ज्या दिवसांत मेंदू सगळ्यात हळवा, नेमके तेच दिवस सगळ्यात कष्टाचे. यातलं शरीर कुठलं आणि रीत कुठली, वेगळं कसं काढणार?

उपवासांचं तेच. पोट रिकामं राहिलं की झटका येतो, हे मायग्रेनचं फार जुनं, सर्वांना माहीत असलेलं कारण. आणि आमच्याकडं बाईचा धर्म उपाशीपोटीच मोजला जातो. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, हरतालिकेला तर पाणीही नाही. माझी जाऊ दर संकष्टीला डोकं धरून बसायची आणि तरी उपास सोडायची नाही, कारण सोडला आणि घरात काही झालं तर बोल तिच्याकडं येणार. ती भीतीही त्या झटक्यातच मिसळलेली असते.

न्हाणंसुद्धा. शुक्रवारी डोक्यावरून पाणी घेतलं की डोकं दुखतं, हे आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका सांगायच्या आणि हसण्यावारी नेलं जायचं. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. केस धुतल्यावर मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं त्यांनी २००६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापली. ओल्या लांब केसांचं ओझं पाठीवर घेऊन वाऱ्यात निघालेली बाई त्याआधी कुठल्या पुस्तकात आली असेल, असं मला वाटत नाही. मी तो उल्लेख वाचला तेव्हा आमची अख्खी गल्ली डोळ्यांपुढं उभी राहिली.

निपाणीच्या मावशीविषयी जरा जास्त सांगायला हवं. ती तंबाखूच्या वखारीत जायची. वखारीत शिरलं की तंबाखूचा तो खाट नाकातोंडात बसतो, आणि उग्र वास हा अनेकींच्या मायग्रेनला आगीत तेल. तिनं तक्रार कधी केली नाही. सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या घ्यायची, किराणा दुकानातून सुट्ट्या आणलेल्या. "गोळी घेतल्याबिगर हात चालत न्हाई गं," म्हणायची. आधी आठवड्याला एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. आणि रोज गोळी घेऊनही रोज डोकं दुखायला लागलं. लोक म्हणाले, हिला गोळ्यांचं व्यसन लागलंय.

ते व्यसन नव्हतं. मायग्रेन असलेल्या माणसानं साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनवरच्या खास ट्रिप्टान गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतलं, तर गोळीच डोकेदुखी जन्माला घालते. ती बंद केली की दोन ते दहा दिवस फार वाईट जातात आणि मग हळूहळू उतार पडतो. मावशीला हे कळलं तेव्हा तिनं विचारलं, "दहा दिवस वखारीत कोण जाईल?" रोजंदारीवरच्या बाईसाठी उपचाराचा पहिला अडथळा तिथंच होता. शेवटी दिवाळीची सुट्टी आणि पुढचे चार दिवस धरून, डॉक्टरांना विचारून, तिनं ते केलं. बहिणीच्या घरी, म्हणजे आमच्या माजघरात. चौथ्या रात्री ती भिंतीवर डोकं आपटत होती आणि आई तिचं कपाळ धरून बसली होती. कसं धरायचं ते आईला ठाऊक होतं.

मनाचं म्हणतात, त्याचीही बाजू आहे, आणि ती मी नाकारणार नाही. मायग्रेन असलेल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात, आणि हा रस्ता दोन्हीकडून चालतो. ज्याला नैराश्य त्याला मायग्रेन होण्याची शक्यता जास्त, ज्याला मायग्रेन त्याला नैराश्य येण्याची. ताणानं डोकं उठतं हे सगळे सांगतात. ताण उतरला की उठतं, हे कमी जणांना माहीत असतं. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडल्या, वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊबाई आणि मी दोघी आडव्या. "दृष्ट लागली," सासूबाई म्हणाल्या. पंधरा दिवस ताणलेली दोरी एकदम सैल पडली होती.

आणि झटका नसतो तेव्हाचं काय? रविवारी सहलीला जायचं ठरतं आणि मी मनातल्या मनात तारखा मोजते. लग्नपत्रिका आली की आधी पाळी कधी ते बघते. कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई, घ्यावा की नको, खिडकीकडची जागा मिळेल की नाही, मंडपात डीजे असेल का. दुखत नसतानाही मी दुखण्याच्या धाकात राहते. त्या धाकापोटी गोळी आधीच घेतली जाते, आणि मावशीची वाट तिथूनच सुरू होते. शिथिलीकरण, श्वासाचे व्यायाम, विचारांच्या सवयी बदलणारं समुपदेशन, यांनी झटके कमी होतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. पण एखाद्या बाईला समुपदेशकाकडं पाठवा, घर म्हणतं, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? डोक्यातलंच आहे."

जाऊबाईंना डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची बारीकशी गोळी रात्री घ्यायला दिली होती. झटके यायच्या आधीच रोखायची ती जुनी, परवडणारी गोळी. औषधाच्या दुकानातल्या पोरानं पाकीट देताना सहज म्हटलं, "ही डिप्रेशनची गोळी आहे, कुणासाठी?" त्या रात्री पाकीट कचऱ्यात गेलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की मायग्रेनसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलचं नेहमीचं काम रक्तदाबाचं, टोपिरामेटचं फिट्सचं, आणि तरी त्या बाईला ना रक्तदाब असतो ना फिट येते. एकाच औषधाचा हात शरीरात अनेक ठिकाणी लागतो. दोन वर्षं ती त्या गोळीवाचून दुखत राहिली. मी तिला शब्दानं विचारलं नाही, याची मला अजून बोचणी आहे.

ठणका पेटवणाऱ्या गोष्टीलाही आता नाव आहे. चेहऱ्याच्या त्रिशाखी नसेतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं आणि ठणका पेटवतं. हे उलगडणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये मेंदूविज्ञानातला 'ब्रेन प्राइझ' हा मोठा पुरस्कार मिळाला. त्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आली. मागावर बसणाऱ्या बाईच्या कमाईत ती येत नाहीत. पण वेळेवर घेतलेली साधी गोळी, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेली झोप, यातून तिचं निम्मं आयुष्य परत येऊ शकतं, आणि एवढं तरी तिला मिळावं. आणि एक गोष्ट प्रत्येक मुलीला सांगायला हवी: डोळ्यांपुढं असा काठ येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. सणासाठी पाळी पुढं ढकलायची गोळीही दुकानातून परस्पर आणू नये, डॉक्टरांना काठाचं सांगून मगच विचारावं. डोकं एकाएकी, कधी नव्हे इतकं फुटल्यासारखं दुखलं, हातापायातली शक्ती गेली, ताप येऊन मान आखडली, तर ती अर्धशिशी समजून पडून राहायचं नाही.

बेंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बेंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन २३२९ माणसांना विचारलं होतं. वर्षभरात मायग्रेन झालेले २५.२ टक्के निघाले, आणि त्यात बायका जास्त. दर चौघांत एक. मी शाळेत शिकवते. पालकसभेला समोर साठ आया बसतात तेव्हा आता मी नकळत मोजायला लागते. खानापूरकडच्या वाड्यांवरून आलेल्या, गॅसवर दूध ठेवून धावत आलेल्या. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यातल्या काहीजणी आता बेळगावला दवाखान्यापर्यंत तरी एकट्या येतात. एकीला मी विचारलं, "डोकं दुखालंय काय?" ती म्हणाली, "न्हाई बाई, नेहमीचंच."

डॉक्टरांनी मला डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. मी कालनिर्णयवरच खुणा करते. पाळीची तारीख, जेवण चुकलं का, झोप किती, जांभया कधी सुरू झाल्या, मान कधी धरली. जांभया आणि आखडलेली मान हीच झटक्याची पहिली पावलं असतात, हे त्या खुणांमुळं कळलं. गोड खायची अनावर इच्छाही त्यातलीच. मी वर्षानुवर्षं कुंद्याला दोष देत होते, आणि झटका कुंद्याच्या आधीच सुरू झालेला असायचा.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडं राहायला आली होती. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, "ह्या लाल टिकल्या कसल्या?" मी सांगितलं. ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "माझं कुणी लिहिलं न्हाई."

मी वही घेतली. म्हटलं, सांग.

ती सांगायला लागली. तारखा तिला आठवत नव्हत्या, प्रसंग आठवत होते. तुझ्या काकाच्या लग्नात, पंगत वाढताना. तुझ्या बारशाला, तू पाळण्यात आणि मी मोरीत ओकत. आज्जी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. शहापूरच्या सावकाराची ऑर्डर होती तेव्हा सलग तीन दिवस, एका डोळ्यानं कांड्या भरल्या. थोरला माग विकला त्या संध्याकाळी. मी लिहीत गेले, पानं भरत गेली, एकेका ओळीपुढं तिनं सांगितलं ते: ठणका, शिणक, ठणका, नुसतं जड.

मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. वही मिटायला लागले.

"लाईट जायची त्येचं लिव्हलंस काय?" तिनं विचारलं. "त्ये पण लिही. तवा बरं वाटायचं."

मी लिहिलं.